गांधीनगरच्या काचेच्या नळीतली लाट अंतराळातला कचरा शोधून देईल का?

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. चीनच्या तियानगाँग अंतराळ स्थानकावरचे तीन अंतराळवीर सहा महिन्यांची ड्युटी संपवून घरी निघायच्या तयारीत होते. ५ नोव्हेंबरला परतायचं ठरलं होतं. पण निघण्यापूर्वी त्यांच्या शेनचोऊ-२० यानाच्या खिडकीला बारीक तडे गेलेले दिसले. चीनच्या अंतराळ संस्थेने सांगितलं की, बहुधा कचऱ्याचा एखादा छोटा तुकडा आदळला असावा. परतीचा प्रवास लांबला. शेवटी १४ नोव्हेंबरला ते तिघे नव्याने आलेल्या तुकडीच्या यानातून खाली उतरले. मग वर राहिलेल्या नव्या तिघांकडे परतीसाठी धड यानच उरलं नाही. २५ नोव्हेंबरला चीनने घाईने अंतराळवीरांविना शेनचोऊ-२२ वर पाठवलं तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला.

एक बारीकसा तुकडा, आणि सहा माणसांचं वेळापत्रक कोलमडलं. तो तुकडा येताना कुणालाच दिसला नव्हता. दिसणं शक्यही नव्हतं.

हे असे तुकडे शोधायची एक कल्पना सध्या चर्चेत आहे आणि तिचं मूळ आपल्याकडे आहे. गांधीनगरजवळच्या भाट गावात इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च, म्हणजे आयपीआर नावाची संस्था आहे. तिथे एका काचेच्या नळीत धुळीच्या लाटा कशा पळतात याचा अभ्यास चालतो. धुळीच्या लाटा आणि अंतराळातला कचरा यांचा संबंध काय, आणि हे खरंच जमेल का, ते बघू.

रडारला का दिसत नाही?

युरोपियन स्पेस एजन्सीच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवती १ ते १० सेंटिमीटर आकाराचे १० लाखांहून जास्त तुकडे फिरताहेत. १ मिलिमीटर ते १ सेंटिमीटरचे तर १३ कोटींच्या आसपास. यातले रोजच्या रोज माग ठेवता येतात ते फक्त मोठे, ढोबळमानाने १० सेंटिमीटरच्या पुढचे. इस्रोच्या 'नेत्र' प्रकल्पातल्या रडारचं उद्दिष्टही साधारण तेवढंच आहे.

कारण साधं आहे. रडारच्या लहरीपेक्षा वस्तू बरीच लहान असेल तर तिच्यावरून परत येणारा सिग्नल फार झपाट्याने कमी होतो. वस्तूचा आकार निम्मा झाला तर सिग्नल निम्मा होत नाही, तो चौसष्ट पटींनी कमी होतो. काही ताकदवान रडार एका जागी रोखून मिलिमीटरभर तुकड्यांची मोजदाद करतात, पण ती नमुना पाहणी झाली. कुठला तुकडा उद्या कुठे असेल, हे त्यातून कळत नाही.

आणि लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ॲल्युमिनियमची १ सेंटिमीटरची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची भरते. पण सेकंदाला १० किलोमीटर वेगाने ती आदळली, तर एक टनाची गाडी ताशी चाळीसेक किलोमीटरने धडकावी इतकी ऊर्जा सोडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची ढाल साधारण १ सेंटिमीटरपर्यंतचा मार सोसू शकते. मोठा तुकडा दिसला तर स्थानक बाजूला होतं. खरा धोका मधल्या पट्ट्यात आहे. ढालीने थांबत नाही आणि रडारवर दिसत नाही, असा.

मग कल्पना अशी की तुकडा दिसत नसेल तर त्याने उठवलेली लाट बघायची. बोट धुक्यात दिसली नाही तरी किनाऱ्यावर पाणी हललं की कळतं ना, तसंच काहीसं.

पण लाट कशात उठणार?

अंतराळ पूर्ण रिकामं नसतं. आपल्या डोक्यावर काहीशे किलोमीटरवर सूर्याच्या किरणांनी हवेचे अणू फोडलेले असतात. मोकळे इलेक्ट्रॉन आणि विद्युतभारित आयन यांचं ते मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. ट्यूबलाइट पेटते तेव्हा तिच्या आतही प्लाझ्माच असतो.

आता या प्लाझ्मात बारीक धूळ टाकली तर? इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ. आयन त्यांच्यापुढे जड आणि सुस्त. त्यामुळे धुळीच्या कणावर आधी इलेक्ट्रॉनच येऊन आदळतात आणि चिकटतात. थोड्याच वेळात एका मायक्रॉनभर कणावर हजारो इलेक्ट्रॉन जमतात आणि तो चांगलाच ऋणभारित होतो. असे लाखो कण एकमेकांना दूर ढकलू लागतात. आता ही प्लाझ्मात नुसती मिसळलेली घाण राहत नाही, प्लाझ्माचाच एक तिसरा घटक बनते. याला म्हणतात डस्टी प्लाझ्मा.

शनीच्या कड्यांमध्ये हे आहे, धूमकेतूच्या शेपटीत आहे. आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यांतही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या संशोधकांनी चिप कोरायच्या यंत्रात लेझर सोडून पाहिला, तर वेफरच्या वर प्लाझ्मात धुळीचे ढग तरंगत होते. यंत्र बंद केलं की ती धूळ खाली बसायची आणि चिप खराब व्हायची. स्वच्छतेसाठी कोट्यवधी रुपये खर्च केलेल्या खोलीत धूळ यंत्राच्या आतच तयार होत होती!

प्रयोगशाळेत मात्र ही धूळ मुद्दाम टाकतात. काचेच्या नळीतली बहुतेक हवा पंपाने काढून घ्यायची, थोडासा आरगॉन वायू सोडायचा, काहीशे व्होल्ट द्यायचे. जांभळट प्रकाश दिसू लागतो. त्यात केओलिनची, म्हणजे चिनी मातीची मैद्याहून बारीक भुकटी उडवायची. खालच्या इलेक्ट्रोडजवळचं विद्युतक्षेत्र ऋणभारित कणांना वर ढकलतं, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. जिथे दोन्ही सारखे होतात तिथे धुळीचा ढग अधांतरी तरंगतो. त्यावर लेझरचा पातळ पडदा टाकला की कण चमकतात आणि कॅमेऱ्याने एकेक कण टिपता येतो.

ही शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. हवेतून आवाज जातो तेव्हा हवेचा रेणू कसा हलतो, हे कुणी डोळ्यांनी पाहू शकत नाही. इथे लाटेतला प्रत्येक कण पुढे-मागे होताना दिसतो.

मुंगीच्या चालीची लाट

धुळीच्या ढगात लाट कशी जाते? एका ठिकाणी कण जरा जवळ आले की तिथे ऋणभार दाटतो. दाटलेले कण एकमेकांना ढकलतात आणि पांगतात, पण पांगताना शेजारच्या भागात गर्दी करतात. मग तिथले ढकलतात. गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी दिलेला रेटा आतल्या माणसापर्यंत पोचतो, तसा. फरक इतकाच की इथे कण एकमेकांना शिवतही नाहीत. हा सगळा रेटारेटीचा व्यवहार विद्युतबलाने, अंतर राखून चालतो. मागे ढकलण्याचा जोर इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या दाबातून येतो आणि जडपणा धुळीचा असतो.

आणि धूळ भयंकर जड असते. म्हणजे आपल्या लेखी नव्हे, अणूच्या लेखी. एक मायक्रॉनचा कण आरगॉनच्या अणूपेक्षा अब्जावधी पट जड. त्यामुळे ही लाट अतिशय संथ चालते.

अशी लाट असायला हवी, हे आधी कागदावर मांडलं गेलं. १९९० मध्ये एन. एन. राव, पी. के. शुक्ला आणि एम. वाय. यू यांनी तिचं गणित प्रसिद्ध केलं. राव अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे, शुक्ला मूळचे उत्तर प्रदेशचे आणि जर्मनीतल्या बोखम विद्यापीठात काम करणारे. तिला नाव मिळालं डस्ट अकूस्टिक वेव्ह, म्हणजे धुळीतला ध्वनी. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बार्कन, मर्लिनो आणि डी'अँजेलो यांनी ती प्रयोगात दाखवली. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर साधारण ६ मिलिमीटर, वेग सेकंदाला ९ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला पंधराएक लाटा, नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशा. हवेतला ध्वनी सेकंदाला ३४० मीटर धावतो. त्याच्यापुढे हा मुंगीच्या चालीचा आवाज म्हणायचा.

बऱ्याचदा ही लाट उठवावीही लागत नाही. धुळीमधून सतत वाहणारे आयन तिला ऊर्जा देत असतात. नळीतल्या वायूचा दाब हळूहळू कमी करत गेलं की एका टप्प्यावर ढगात आपोआप पट्टे उमटतात आणि सरकू लागतात. दाब वाढवला की विरतात, कारण वायूच्या अणूंशी होणारं घर्षण लाटेला टिकू देत नाही. लाटेचा वेग मोजून कणावर किती भार आहे याचा उलटा हिशोबही करता येतो. जड कण, संथ लाट. जास्त भार, वेगवान लाट.

थोडं विषयांतर करतो, कारण ते आयपीआरचंच काम आहे. पाण्यात दाबाची लाट जाते, पण आडवी, कापणारी लाट आत शिरत नाही. तशी लाट घन पदार्थातच चालते. भूकंपाच्या अशाच आडव्या लाटा पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यात अडतात, त्यावरून तर तो भाग द्रवरूप असल्याचं कळलं. धुळीच्या कणांवर खूप भार असेल तर ते एकमेकांना इतके जखडून ठेवतात की ढग द्रवासारखा वाहत असूनही थोडा घनासारखा वागतो. अशा ढगात आडवी लाट जाईल, असं आयपीआरचे संस्थापक संचालक प्रेधिमान कौ आणि अभिजित सेन यांनी १९९८ मध्ये गणिताने सांगितलं. २००२ मध्ये त्याच संस्थेतल्या प्रयोगात ती लाट दिसली. १९९४ मध्ये जर्मनी, तैवान आणि जपानमध्ये तर ही धूळ चक्क स्फटिकासारखी रांगेत बसलेली पाहिली गेली होती.

बोटीच्या पुढे पळणारी लाट

आता कचऱ्याकडे येऊ. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच तुम्ही पाहिली असेल. तिच्यामागे पाण्यात फाकत जाणारी इंग्रजी व्हीच्या आकाराची रेघ उमटते. पण उथळ पाण्यात एका ठरावीक वेगाच्या आसपास बोट चालली तर वेगळीच गंमत होते. लाटा बोटीच्या पुढे निघतात. एकामागून एक सुटे उंचवटे तयार होतात आणि बोटीला मागे टाकून पळतात. असा एकटा, न पसरणारा उंचवटा म्हणजे सॉलिटॉन. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल या इंजिनियरने एडिनबराजवळच्या कालव्यात तो पहिल्यांदा नोंदवला. बोट अचानक थांबली, पाण्याचा उंचवटा मात्र पुढे निघून गेला. रसेल घोड्यावरून त्याच्या मागे गेला.

साध्या लाटा पसरतात आणि विरतात. सॉलिटॉन आपला आकार धरून लांब जातो. म्हणून दूरवर निरोप पोचवायला तो चांगला.

२०१५ मध्ये अभिजित सेन, कौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला: अंतराळातला तुकडाही प्लाझ्मात फिरताना धुळीच्या कणासारखाच भारित होतो. मग तो आपल्यापुढे प्लाझ्मातले सॉलिटॉन सोडत असेल का? सोडत असेल तर तुकडा येण्याआधी त्याची चाहूल येईल.

लगेच पुढच्या वर्षी सुरभी जयस्वाल, पिंटू बंद्योपाध्याय आणि सेन यांनी हे नळीत करून पाहिलं. तुकडा पळवण्याऐवजी त्यांनी धूळ वाहवली आणि वाटेत तांब्याची एक तार ठेवली. नदीतल्या खांबासारखी. पाणी खांबावरून वाहो की खांब पाण्यातून जावो, हिशोब एकच. धुळीचा प्रवाह तिच्यातल्या ध्वनीपेक्षा हळू होता तोवर तारेमागे फक्त साध्या लाटा उमटल्या. प्रवाह ध्वनीच्या वेगापुढे गेला, आणि तारेच्या पुढच्या बाजूने, प्रवाहाच्या उलट दिशेला सॉलिटॉन निघताना कॅमेऱ्यात दिसले.

धुळीतला ध्वनी इतका संथ नसता तर हा प्रयोग टेबलावर झालाच नसता. सेकंदाला काही सेंटिमीटर वाहिलं की इथे 'सुपरसॉनिक' होता येतं! नंतर अडथळ्याचा आकार बदलूनही त्यांनी प्रयोग केले.

पुढे मेरीलँड विद्यापीठात क्रिस्टिन हार्टझेल यांच्या गटाने खऱ्या कक्षांमधल्या तुकड्यांसाठी ही गणितं केली. २०२३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांसाठी संशोधनाला पैसा देणाऱ्या आयार्पा या संस्थेने 'सिंट्रा' हा कार्यक्रम सुरू केला. लक्ष्य: १ मिलिमीटर ते १० सेंटिमीटरचे तुकडे हुडकणं. तुकड्यांनी प्लाझ्मात उठवलेल्या लाटा हा त्यातला एक मार्ग.

मग घोडं कुठे अडलंय?

इथे जरा सावध व्हायला हवं. 'भारतीय शास्त्रज्ञांनी कचऱ्यावर उपाय शोधला' अशा पोस्ट फिरायला वेळ लागत नाही. नळीत लाट दिसली हे शंभर टक्के खरं. पण नळी म्हणजे अंतराळ नव्हे, आणि फरक बारीकसारीक नाहीत.

पहिला फरक वेगाचा. नळीत सॉलिटॉन पुढे पळाले ते प्रवाह ध्वनीच्या वेगाहून थोडाच जास्त असताना. फार जास्त झाला तर ते वस्तूला मागे टाकू शकत नाहीत. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर तुकडा सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो. तिथला प्लाझ्मा मुख्यतः ऑक्सिजनच्या आयनांचा, आणि त्यातल्या ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण एक ते दोन किलोमीटर. म्हणजे तुकडा चारपट किंवा त्याहून जास्त वेगाने पुढे. काही गणितांत लाट पुढे न पळता तुकड्याला चिकटून त्याच्याच वेगाने चालते. तिचा उपयोग होईल, पण लांबून चाहूल देणारी ती लाट नव्हे. हजारेक किलोमीटरच्या वर मात्र हायड्रोजनच्या हलक्या आयनांचं प्रमाण वाढतं, ध्वनीचा वेग काही पटींनी वाढतो आणि दोन्ही वेग जवळ येतात. म्हणजे ही युक्ती उंच कक्षांत जास्त लागू पडेल. माणसं राहतात ती स्थानकं मात्र खाली, ४०० किलोमीटरच्या आसपास आहेत.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. नळीत लाटेचा शत्रू म्हणजे वायूचं घर्षण. ते दाब कमी करून आटोक्यात ठेवता येतं. वर आयनोस्फिअरमध्ये आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. अशा वेळी लाटेच्या वेगाच्या आसपास पळणारे भरपूर आयन असतात आणि ते लाटेची ऊर्जा पिऊन टाकतात. लेव्ह लँडाउ या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये हे गणिताने दाखवलं होतं. असा ध्वनी काही लाटांच्या अंतरातच विरतो. तो शेकडो किलोमीटर दूर ऐकू येईल ही अपेक्षा जास्तच झाली.

तिसरं म्हणजे आयनोस्फिअर काही शांत तळं नाही. तिथे आपल्याआपणच खळबळ चालू असते, विशेषतः विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर. त्या गदारोळात मिलिमीटरभर तुकड्याची लाट वेगळी काढायची आहे.

म्हणून आता काही जण वेगळ्या लाटांकडे वळलेत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्लाझ्मात इतरही लाटा चालतात आणि त्यांतल्या काही खूप वेगवान असतात. अलास्का विद्यापीठाचे पॉल बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या उपग्रहावरच्या रेडिओ रिसिव्हरच्या नोंदी तपासल्या. दुसऱ्या वस्तू जवळून जाताना असे सिग्नल दिसले, असं त्यांचं म्हणणं आहे. दिशा आशादायक आहे. पण त्या वस्तूंमध्ये मोठे, आधीच माहीत असलेले उपग्रह होते. सेंटिमीटरभर तुकड्याची लाट त्याहून कितीतरी क्षीण असणार.

खरी कसोटी काय असेल? आकार, कक्षा आणि वेळ अचूक माहीत असलेली छोटी वस्तू सोडायची, प्लाझ्मा मोजणारं उपकरण तिच्याजवळून पुनःपुन्हा न्यायचं आणि दर वेळी ठरलेल्या क्षणी तीच खूण मिळते का ते पाहायचं. एकदा दिसणं पुरेसं नाही.

आणि यासाठी लागणारं बरंचसं सामान आपल्याकडे आहे. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर फेकून न देता इस्रो त्यालाच 'पोएम' नावाचा तरंगता प्रयोग-मंच बनवते. २०३० पर्यंत भारताच्या अंतराळ मोहिमा कचरामुक्त करायचं उद्दिष्टही २०२४ मध्ये जाहीर झालंय. आयपीआर अणुऊर्जा विभागाची, पोएम अंतराळ विभागाचा. दोन सरकारी खात्यांमधलं हे अंतर नळी आणि कक्षा यांच्यातल्या अंतराइतकं अवघड नसावं. पोएमवर एक प्लाझ्मा प्रोब बसवायचा आणि त्याच मंचावरून मोजून-मापून, काही दिवसांत वातावरणात जळून जाईल अशा खालच्या कक्षेत एक छोटी धातूची गोळी सोडायची. खालच्या कक्षेत सॉलिटॉन पुढे पळणार नाहीत हे वर आलंच आहे, पण चिकटून चालणारी लाट किंवा चुंबकीय क्षेत्रातल्या वेगवान लाटा तिथे उठतात की नाही, याचं उत्तर तेवढ्यावर मिळू शकेल.